नवमीला पुसलेलं मशीन

धंदा मंदीत असताना कामगारांचा विश्वास कसा टिकवावा, यावर सूट घातलेले लोक व्याख्यानं झोडतात. त्यांना एकदा आमचा मालाडचा गाळा दाखवायला हवा.

बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या त्या गाळ्यात बाबा वीस वर्षं एकाच मशीनवर होते. ऑर्डरी आटल्या तेव्हा शेटने सगळ्यांना गोळा करून सांगितलं, "आपण एक कुटुंब आहोत. कुणालाही काढणार नाही." त्याच आठवड्यात बाबांना वसईच्या एका कारखान्यातून बोलावणं आलं. मी म्हटलं, "जा ना बाबा! इथे वाट लागलीय."

"शेट खोटा बोलूचो नाय," बाबा म्हणाले आणि वसईला नकार कळवून मोकळे झाले. मी तेव्हा युनियनची पत्रकं वाटत फिरायचे. अख्ख्या इंडस्ट्रियल इस्टेटीला शहाणं करत होते, घरात मात्र हरले.

खंडेनवमीला झेंडू घेऊन मीही गाळ्यात गेले. पूजेआधी ज्याने त्याने आपलं मशीन पुसायचं, हा तिथला रिवाज. त्या वर्षी शेट स्वतः डोक्यावर उभा. "एकदम नव्यासारखं दिसू दे हां!" बाबांनी सांदीतलं ग्रीस नखाने खरवडून काढलं. तेवढ्यात शेटचे दोन 'पाहुणे' आले. एकाने मशीनचे फोटो काढले, विचारलं, "चालतं कसं?" बाबांनी हौसेने चालवून दाखवलं. "एकदाही दगा दिला नाही बघा!" वर त्यालाच पहिला पेढा दिला. दलालानेसुद्धा माल इतका चांगला खपवला नसता.

दसरा, मग रविवार. सोमवारी पत्रकं घेऊन मीही बाबांबरोबर गेले, तर मशीनच्या जागी बोल्टांची चार भोकं आणि चुरगळलेला झेंडू.

शेट म्हणाला, "आधी सांगितलं असतं तर तुमचं कामात मन लागलं असतं का?"

म्हणजे यांना मन शेवटच्या दिवसापर्यंत हवं, माणूस नको! आणि याला म्हणे कुटुंब.

बाबांनी तिथूनच वसईला फोन लावला. जागा भरली होती. फोन खिशात ठेवून त्यांनी विचारलं, "शेट, मशीन कुणी नेलं? पत्ता द्या."

माझं डोकंच फिरलं. "बाबा, आता त्यांच्या दारात जाऊन भीक मागणार?"

"भीक नाय गो. त्येचा डावा बटण अडाकता. त्येंका कोण सांगतलो?"

शेटने पत्ता दिला नाही.