चावीची दांडी मोजायची नसते

आधीच सांगून टाकते. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमले नाहीत आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. हे कुणाला दाखवण्यासाठी लिहीत नाही, पण कुणाच्या हाती लागलंच तर त्याने रागावू नये.

मुलुंडला कारखान्यांच्या वसाहतीत एक गाळा आहे, तिथे आम्ही चौघी घड्याळं जोडतो. खिशात ठेवायची, साखळीची. लग्नात किंवा कुणी निवृत्त झालं की भेट देतात ती. डबी आणि साखळी इथलीच, आतलं मशीन मात्र परदेशातून येतं. मालकीण माझ्याहून बरीच लहान. आम्ही तिला ताई म्हणतो, ती मला मावशी.

मशीनचं खोकं विमानाने अंधेरीला, सहारला उतरतं. कस्टममधून ते सोडवायला एक एजंट आहेत, म्हातारे मालवणी गृहस्थ. आम्ही सगळ्या त्यांना काका म्हणतो. एकदा चहा पिताना ते म्हणाले, जगात विकली जाणारी प्रत्येक वस्तू कुठल्या ना कुठल्या लांबलचक आकड्याखाली येते आणि त्या आकड्यावरून कर ठरतो. मला वाटलं थट्टा करतायत. माझ्या चिमट्यात तेव्हा केसासारखी स्प्रिंग होती. श्वास सोडला तरी उडाली असती.

मी हळूच विचारलं, "हिला पण आकडा?"

"हिका पण. डबीक वेगळो, पट्ट्याक वेगळो. आणि पयले सहा आकडे हय जे, तेच जपानात."

मला पुढचं ऐकूच आलं नाही. कधी न भेटलेली, एकमेकांची भाषा न येणारी माणसं कुठेतरी बसली असतील, आणि त्यांनी या स्प्रिंगचासुद्धा विचार केला असेल. त्या दिवशी नाहूरला घरी आल्यावर मी किसणी हातात धरून उभी राहिले. हिला कुठला आकडा असेल? मुलगी म्हणाली, "आई, नारळ किसतेस ना, की नुसती बघत बसणार?"

मग गेल्या वर्षी ते झालं. ताईने नव्या मोठ्या मशीनची ऑर्डर दिली आणि कागदावर माप लिहिताना आम्ही गाळ्यात मोजतो तसंच मोजलं, चावीची दांडी, म्हणजे मूठ फिरवून घड्याळाला चावी देतात ती बाजूची बारीक काडी, तीसुद्धा धरून. डबीला भोक पाडायचं तर दांडीसकटच मोजावं लागतं. ते माप पाच सेंटिमीटरच्या वर गेलं. आणि कस्टममध्ये नेमकी तीच रेघ आहे. मशीन पाच सेंटिमीटरच्या आत असेल तर ते मनगटावरच्या, खिशातल्या घड्याळाचं. वर गेलं की भिंतीवरच्या, टेबलावरच्या घड्याळाचं. करात सवलत होती ती फक्त लहान मशीनला. ताईने जास्तीचा कर भरून माल सोडवला, त्यात पुढच्या मालासाठी ठेवलेले पैसे गेले.

काका तेव्हा आजारी होते, कागद त्यांच्या हाताखालच्याने भरले होते. बरे होऊन आले आणि माप बघून कपाळाला हात लावला.

"अगो बाय माझे, दांडी कित्याक मोजलंस?"

"काका, दांडीशिवाय डबीत बसणार आहे का ते?"

"डबीसाठी मोज गो तशी. सरकारासाठी नाय."

जास्तीचा कर परत मिळावा म्हणून त्यांनी अर्ज केला. ताई आम्हाला म्हणाली, "पैसे परत आले तर ठीक. नाहीतर नवीन माल नाही, आणि माल नाही तर गाळा सोडायचा. आत्ताच सांगते, नंतर बोलू नका सांगितलं नाही म्हणून."  मी घरी सांगितलंच नाही.

काही महिन्यांनी कस्टमच्या साहेबांनी नमुना बघायला बोलावलं. दांडी न मोडता काढायची सवय मला, म्हणून ताईने मला सोबत घेतलं.  साहेब तरुण होते. त्यांनी मशीन पुढे सरकवलं. मी बारीक खळगीत चिमट्याचं टोक दाबून दांडी ओढली, ती आली. त्यांनी पट्टी लावून मोजलं. पाचच्या आत. मग जाड पुस्तक काढून एक ओळ आधी इंग्रजीत, नंतर ताईकडे बघून मराठीत वाचली: चावीची दांडी आणि तिची मूठ मापात धरायची नाही.

त्या एवढ्याशा दांडीसाठी एक ओळ लिहिलेली होती! मी नुसती त्या पानाकडे बघत राहिले. देवळात गेल्यावर होतं तसं झालं मला.

"काय बघताय मावशी?" साहेब हसले.

 ताई म्हणाली, "त्या अशाच आहेत, साहेब. बोलत नाहीत, बघतात."

तरी लगेच काही मिळालं नाही. हा कागद, तो सही-शिक्का. दिवाळी गेली. मधल्या काळात जुन्या घड्याळांच्या दुरुस्तीवर गाळा कसाबसा चालला. चौघींपैकी एकीने नाहूरला दुसरं काम धरलं.

मग एका दुपारी ताईचा फोन वाजला. तिने बँकेचा मेसेज बघितला आणि ती स्टुलावर बसली.

"आले, मावशी."

"किती?"

"सगळे. जास्तीचे भरले होते ते सगळे."

मी चिमटा खाली ठेवला. तिने आधी काकांना फोन लावला, आणि मग लगेच नव्या मशीनची ऑर्डर दिली.