डोक्यावरची होडी

काल धरणाच्या काठावर एक मासेमार बाई थर्माकोलचा तराफा डोक्यावर घेऊन पाण्याकडे चालली होती. आज गळ टाकायला स्वतःची रबरी होडी घ्यायला गेले, तेव्हा तीच डोळ्यांसमोर होती.

"मॅडम, आत बसून तर बघा," दुकानदार म्हणाला. मी बसले नाही. एकटीपुरती होती ती होडी उचलून सरळ डोक्यावर घेतली.

"अगं, दोघांची घे. ऐसपैस आहे," नवरा म्हणाला. हा कधी गळाला हात लावत नाही, पण दोघांची जड होडी पाण्यापर्यंत उतरवायला मात्र त्याचीच वाट बघायची!

पाणी काय, कुठलीही होडी तरंगवतं. पाण्यापर्यंतचा उतार आपला आपल्यालाच उतरावा लागतो.

मान अवघडली होती. दुकानदार होडी गाडीवर बांधायला दोरी घेऊन आला.

"बांधू नका," मी म्हटलं. "अशीच नेते."