आमच्या ह्यांचा कार्ब्युरेटर

आमचे हे आयुष्यभर बसडेपोत इंजिनं खोलत आणि जोडत आले. निवृत्तीनंतर तरी हात स्वस्थ बसतील तर शपथ. त्यांनी एक जुनी होडी विकत घेतली. कारण मात्र गोड होतं. माझी ताई तळ्यापलीकडे राहते. पाय मोडल्यापासून तिला इकडे येता येत नाही, आणि तळ्याला वळसा घालून जाणारी बस मला पहिल्याच वळणावर लागते. "तुला मीच नेतो," हे म्हणाले.

नेलं, आणि भर पाण्यात इंजिन बंद पडलं. शेवटी ताईचे यजमान, म्हणजे ह्यांचे साडू, आपल्या बोटीला दोर बांधून आम्हाला ओढत परत घेऊन आले. पुढे ती हकिकत भावोजी भेटेल त्याला मीठमसाला लावून सांगत सुटले. मी त्या होडीत पुन्हा पाय ठेवणार नाही, असं सांगून टाकलं. ताईची भेट राहिली ती राहिलीच. ती फोनवर "कधी येतेस?" विचारायची आणि मी विषय बदलायचे.

ह्यांनी मात्र हार मानली नाही. इंजिन मागच्या खोलीत आणलं, पार सुटं केलं आणि नव्याने बांधलं. माझ्या दुधाच्या पातेल्यात व्हॉल्व्ह उकळले, तेव्हा ते पातेलं मी त्यांनाच देऊन टाकलं. उरला फक्त कार्ब्युरेटर, हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला घास भरवणारं भांडं. जुना पार गंजला होता. जेवणाच्या टेबलावर दोन येऊन पडले: एक मोटारीचा, मोठा आणि चकचकीत, दुसरा पाण्याच्या पंपाचा, लहान आणि कळकट. हे अर्थातच मोठ्यावर फिदा.

"ह्याने होडी अशी पळेल की साडू बघतच राहतील."

"मला साडूंकडे नाही, ताईकडे जायचंय," मी म्हटलं. "बसणार मी, तर निवडणारही मीच."

हे हसले, पण डोकं लगेच कामाला लागलं. होडी लाटेवर कलली की कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल हिंदकळतं आणि तिथेच इंजिन दगा देतं, असं त्यांचं म्हणणं. आता घरी लाट कुठून आणायची? माझी झुलती खुर्ची अंगणात गेली. तिच्यावर इंजिन आवळून बांधलं आणि मला मागे उभं केलं.

आधी मोठा बसवला. त्याने अशी डरकाळी फोडली की शेजारच्या वहिनींनी खिडकी लावून घेतली. मी जरा जोरात झोका दिला, तर त्याला ठसका लागला, काळा धूर ओकला आणि गप्प झाला. पुन्हा सुरू केला, पुन्हा तेच. मग कळकट बसवला. तो बिचारा नुसता धकधकत राहिला. मी हळू हलवलं, जोरात हलवलं, मागच्या फजितीचा सगळा राग काढून हलवलं. मला धाप लागली, त्याला नाही.

"हाच," मी म्हटलं.

"अगं, पोहत गेलेला माणूस आपल्या आधी पोचेल."

"पोचू दे."

ह्यांचं तोंड एवढंसं झालं, पण बसवला तोच.

रविवारी निघालो. मी दोन्ही हातांनी फळी घट्ट धरून बसले होते. मागच्या वेळी बंद पडलो होतो ती जागा आली आणि गेली. तेवढ्यात समोरून भावोजींची बोट सुसाट आली आणि आमच्याभोवती एक फेरी मारून गेली.

"काय साडूबुवा, संध्याकाळपर्यंत पोचाल ना?"

लाटांनी होडी डुलायला लागली. ह्यांचा हात वेग वाढवायच्या दांड्यावर गेला. मी फळी आणखीच आवळून धरली. ह्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं आणि आपला हात मागे घेतला. डेपोत कुणाचं अर्धं वाक्यही ऐकून न घेणारा हा माणूस.

"तुम्ही व्हा पुढे," ते भावोजींना म्हणाले. "चहा टाका."

त्या क्षणी मला ते फार आवडले.

धक्क्यावर ताई काठी टेकून उभी होती.

"किती उशीर केलास गं," ती म्हणाली.

"हळू आलो," मी म्हटलं, आणि मग आम्हा दोघींनाही रडू आवरेना.