बस्त्याच्या गादीवर

धुळ्याच्या ऑफिसात आता मी नव्या मुलामुलींच्या मुलाखती घेते. सगळ्यांकडे इंटर्नशिपची चकचकीत प्रमाणपत्रं असतात. मी ती बाजूला ठेवते आणि विचारते, "तिथे लोकांशी बोलायला मिळालं का?" माझी इंटर्नशिप झाली जळगावातल्या साडीच्या दुकानात. प्रमाणपत्र कुणी दिलं नाही, पण आज नोकरीत मला जे येतं त्यातलं निम्मं तिथलं आहे.

सकाळी कॉलेज, दुपारी दुकान. नव्या कापडाचा तो वास अजून आठवला की जीव तिकडे धावतो. पप्पांनी परवानगी दिली होती ती नाक मुरडतच. "एक जरी तक्रार आली, तर काम बंद," असं बजावलं होतं. त्यात धुळ्याचं एक स्थळ सांगून आलेलं. काम सुटलं की थेट बोहल्यावर, हे मला पक्कं ठाऊक होतं.

लग्नसराईत बस्ता बांधायला दोन्हीकडची माणसं जीप भरून यायची. गादीवर वडीलधाऱ्या बायका बसायच्या, साड्या त्याच निवडायच्या. जिचं लग्न, ती मागे भिंतीला टेकून. एकदा मला राहवलं नाही. आगाऊपणा तर माझ्या अंगातच! शालू उचलून मी थेट नवरीपुढे धरला, "ताई, तुम्हाला आवडला का?"

नवरदेवाची काकू उठलीच, "चला, दुसऱ्या दुकानात जाऊ." शेठ धावत आले. नेमके तेव्हाच पप्पा मला न्यायला दारात येऊन उभे. आता संपलं, मी मनात म्हटलं.

तेवढ्यात नवरदेवाकडच्या सगळ्यात थोरल्या अक्का काकूवर खेकसल्या, "खाले बस वं! नेसनारी ती शे. तिलेच इचारा ना."

नवरीने नकारार्थी मान हलवली आणि शेजारच्या हिरव्या शालूवर हळूच बोट ठेवलं. बस्ता आमच्याकडेच झाला.

स्कूटरवर मी बोलणी खायच्या तयारीत. घरापुढे गाडी लावून पप्पा म्हणाले, "धुळ्याच्या लोकांना काय सांगू? तुला काय वाटतं?"

आमच्या घरात मला हे कधी कुणी विचारलं नव्हतं. मला रडूच आलं.

"नाही म्हणून सांगा. मला नोकरी करायचीय."

"अगं, मुलाचा फोटो तरी बघ!" आई आतून ओरडली.

पप्पांनी पायरीवर उभ्या उभ्याच धुळ्याला फोन लावला.