कुंकवाखालचा नंबर

आम्ही इंटरनेटची कंपनी बदलली, आणि डबा बदलायला नव्या कंपनीचा माणूस नेमका खंडेनवमीला आला. त्याला मी चहा दिला, लाडू दिला, पण माझ्या सर्व्हरला हात लावू दिला नाही. सकाळीच पूजा झाली होती, आणि आमच्याकडे पूजेनंतर दुसऱ्या दिवसापर्यंत अवजारांना सुट्टी असते. विळी, शिलाई मशीन, स्कूटर, माझे चार संगणक आणि त्यांचा सर्व्हर, सगळे झेंडूच्या माळा घालून आराम करत होते. त्या माणसाने जुना डबा काढला, नवा लावला, यंत्रं एकमेकांना ओळखतात तो नंबरही जुन्याचाच नव्याला दिला, स्वतःच्या फोनवर इंटरनेट चालू असल्याचं दाखवलं आणि "आत्री मेडम" असं कानडीत म्हणून गेला. झालं म्हणाला म्हणजे झालं, असं मीही धरून चालले.

मी पॉलिटेक्निकमध्ये संगणकाची लॅब सांभाळून निवृत्त झाले. नंतर मळमड्डीतल्या घराच्या पुढच्या खोलीत स्वतःची छोटी लॅब मांडली. चारही संगणक एका सर्व्हरला जोडलेले, म्हणजे डोमेन. प्रत्येकीला स्वतःचं नाव नि पासवर्ड. कुठल्याही संगणकावर बसा, आपलं नाव टाका, आपलेच कागद समोर येतात, दुसरीला ते दिसत नाहीत. घरात एवढा बडिवार कशाला, असं मुलगा म्हणायचा. आमचे हे तर त्याला 'तुझं संस्थान' म्हणायचे. यांची सगळी नोकरी सरकारी कचेरीत गेली, त्यामुळे संस्थान खालसा करण्यात यांना भारी रस.

त्या संस्थानात दसऱ्याला दुपारी चार वाजता बायकांचा वर्ग सुरू व्हायचा होता. सहाजणी येणार होत्या. त्यांतल्या समोरच्या घरातल्या अक्कांना मी महिनाभर गळ घातली होती. सत्तरीच्या बाई, पण फोनचा पासवर्डसुद्धा मुलाने ठेवलेला. बाकीच्यांच्या घरीही "या वयात कशाला" चाललंच होतं. पहिल्याच दिवशी फजिती झाली तर दुसऱ्या दिवशी एकही जण उंबरा ओलांडणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

दसऱ्याला सकाळी माळा उतरवून सगळं सुरू केलं, तर चारही संगणकांवर इंटरनेट नाही. फोनवर मात्र व्यवस्थित. त्या माणसाला फोन केला, तर तो गाडी घेऊन देवाला निघालेला. उद्या येतो म्हणाला. हे पेपर खाली न ठेवता म्हणाले, "केशवापुरात चांगला क्लास आहे की. तिकडं पाठव त्यांना." माझं डोकंच फिरलं. मी चष्मा पुसला आणि कामाला बसले.

मुलांना इतकी वर्षं शिकवलं तेच केलं. आधी बाहेरच्या एका यंत्राला नंबराने हाक मारली. लगेच ओ आली. मग त्यालाच नावाने हाक मारली. गप्प. म्हणजे वायर ठीक, डबा ठीक, रस्ता ठीक. नावावरून नंबर शोधून देणारं कुणीतरी झोपलं होतं.

मुलाला विचारलं. तो बंगळूरहून म्हणाला, "आई, सर्व्हरला विचारूच नकोस. प्रत्येक संगणकाला सांग, नावं थेट बाहेर विचार म्हणून. पाच मिनिटांचं काम." केलं. इंटरनेट आलं. मी खुर्चीवरून उठलेसुद्धा. मग सहज अक्कांच्या नावाने, मीच दिलेल्या तात्पुरत्या पासवर्डने, आत शिरून बघावं म्हटलं, तर संगणक म्हणाला, असलं डोमेन मला सापडत नाही. बरोबरच होतं. माझं संस्थान बाहेरच्या जगाला कुठून माहीत असणार? त्याचा पत्ता फक्त माझ्या सर्व्हरला ठाऊक. इंटरनेट मिळालं होतं आणि अक्कांचं नाव गेलं होतं. यांना तेवढ्यात समाधान होतं. "एकाच नावानं सगळ्याजणी बसू देत की," म्हणाले. मी म्हटलं, "अहो, नाव मिळावं म्हणूनच तर वर्ग काढलाय." आणि चारही संगणकांवर केलेलं सगळं पुसून टाकलं. तेव्हा दोन वाजले होते. जेवायचं राहिलंच होतं.

आता सर्व्हर उघडला. संगणक नावं त्याला विचारतात, त्याला माहीत नसलेली तो पुढे कुणाला तरी विचारतो. त्या कुणाचा तरी नंबर तिथे होता. पण नंबर कुणाचा? डब्याचा नव्हता. मीच कधीतरी घातलेला असणार, पण काही केल्या आठवेना. असे सगळे नंबर लिहून एक चिठ्ठी मी सर्व्हरच्या अंगावर चिकटवली होती, आणि दर खंडेनवमीला हे बरोबर त्याच चिठ्ठीवर गंध लावून कुंकवाचं स्वस्तिक काढत आले होते. चिठ्ठीची लालभडक वडी झाली होती.

मी ओलं फडकं आणलं आणि थांबले. पूजेचं कुंकू, तेही दसऱ्याच्या दिवशी. हे दारात उभे होते. जवळ आले, माझ्या हातातून फडकं घेतलं, सर्व्हरला नमस्कार केला आणि हलक्या हाताने पुसू लागले. "मीच लावलंय, मीच पुसतो," म्हणाले. थरावर थर निघाले आणि खाली माझंच अक्षर दिसलं. त्या नंबरापुढे मी तेव्हाच्या, म्हणजे आता जुन्या झालेल्या, कंपनीचं नाव लिहून ठेवलं होतं. ती आपल्या गिऱ्हाइकांनाच नावांचे नंबर सांगायची, आणि आम्ही कालपासून तिचे गिऱ्हाईक नव्हतो. ऐन सुट्टीत सर्व्हर झोपलेला असताना डबा बदलला, म्हणून काल कुणाला कळलंच नाही.

तो नंबर काढला, नव्या डब्याचा घातला, सर्व्हरला जुनं सगळं विसरायला लावलं. हे पहिल्या संगणकाशी माझ्या शेजारी बसले. मी अक्कांचं नाव टाकलं. आत गेलं. इंटरनेट उघडलं, आलं. दुसऱ्यावर आलं, तिसऱ्यावर आलं, चौथ्यावर आलं. मी टाळ्या वाजवल्या, त्याची मला मुळीच लाज वाटली नाही. मुलाला फोन करून सांगितलं, संस्थान शाबूत आहे.

चार वाजता सहाही जणी आल्या, जरीची लुगडी नेसून. अक्कांनी एका बोटाने स्वतःचा नवा पासवर्ड टाकला, तोही माझ्याकडे पाठ करून, मलासुद्धा दिसू न देता. पडद्यावर त्यांचं नाव आलं तेव्हा त्यांनी ते मोठ्याने वाचलं. मग म्हणाल्या, "हे माझ्या मुलाला उघडता येणार नाही, नव्हं?"

"नाही," मी म्हटलं.

संध्याकाळी यांनी बन्नीचं, म्हणजे शमीचं, पहिलं पान देवाला ठेवलं, दुसरं सर्व्हरवर ठेवलं, तिसरं माझ्या हातात दिलं. "बंगारदंग इरोणु," म्हणाले, सोन्यासारखं राहू या. मग घसा खाकरून विचारलं, "उद्या वर्गात एक जागा आहे काय गं? मलाही एक नाव पाहिजे."