रंजीताचा आवाज

चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावली गावापासून दीड कोसावरच्या एका खेड्यात सुगंधाबाईंचं अडीच एकर धान. धान पिकायला आलं की पाखरं राखायचं काम त्यांच्या लेकीकडे, रंजीताकडे असायचं. पोपटांचा थवा उतरला की ती माचीवर उभी राहून अशी हाक द्यायची, की चार बांध्या पलीकडे कापणी करणाऱ्या बायकाही मान वर करायच्या. "पोरीच्या गळ्यात भोंगा बसवला का बाई?" असं कुणीतरी विचारायचं. सुगंधाबाई वरवर रागवायच्या. पण पोरगी गावात कुठे आहे हे त्यांना कधी शोधावं लागलं नाही. घरात बसल्या बसल्या कळायचं.

तो आवाज गावच्या मंडळाच्या नाटकात गाजला. दिवाळी सरली की होळीपर्यंत या झाडीपट्टीत गावोगाव नाटकं चालतात, आणि ती करणाऱ्या कंपन्यांची ऑफिसं वडशाला आहेत. बारावी झाल्यावर रंजीताचे वडील गुणवंतराव लेकीला घेऊन स्वतः वडशाला निघाले, तेव्हा सुगंधाबाई दारात आडव्या झाल्या.

"पोरगी स्टेजवर उभी राहीन, लोकं काय म्हनतीन?"

"म्हनतीन काय? तिकीट काढून पाहतीन," गुणवंतराव म्हणाले.

लोकांनी पाहिलं. सहा हंगाम रंजीता गावोगाव फिरली. सहाव्या हंगामात पुण्याचा एक दिग्दर्शक नाटक बघायला आला आणि त्यानं तिला सिनेमात काम दिलं. जाताना ती म्हणाली होती, "दोन महिन्यांचं काम आहे माय." दोनाचे आठ महिने झाले.

सिनेमा चंद्रपूरला लागला, तेव्हा गुणवंतराव तापानं झोपलेले. सुगंधाबाई जैनबला घेऊन एसटीनं निघाल्या. जैनब सावलीच्या बाजारात बांगड्यांचं दुकान चालवायची. रंजीताच्या हातात पहिल्या बांगड्या तिनंच भरलेल्या.

टॉकीजमध्ये अंधार झाला. थोड्या वेळानं जैनबनं कोपर मारलं. "आली पहा, बाई."

खरंच आली. तेच नाक, बट कानामागे सारायची तीच सवय. सुगंधाबाई पुढे सरकून बसल्या. रंजीतानं तोंड उघडलं आणि भलत्याच बाईचा आवाज आला. गोड, धुतल्यासारखा स्वच्छ आवाज. मशीन बिघडलं असेल असं त्यांना वाटलं. पण पुढच्या प्रसंगातही तेच. त्यांनी डोळे मिटून पाहिले. डोळे मिटले की पडद्यावर त्यांचं कुणीच नव्हतं.

"चेहरा तं तिचाच आहे," जैनब म्हणाली.

"चेहरा तिचा आहे. मंग बोलून कोन राह्यली?"

त्या संध्याकाळी फोनवर सुगंधाबाईंनी हेच विचारलं.

"माह्या तोंडून पानीच येते माय, त्यायच्यासारखं येत नाई. डोळ्याले डोरा म्हनून जाते. म्हनून त्यायनं दुसरीचा आवाज लावला."

"तुले विचारलं नाई?"

"विचारलं. नाई म्हटलं असतं तं पुढचं काम गेलं असतं."

"मले सांगाचं तं होतं. मी कान लावून बसली होती."

त्यानंतर वर्षभर रंजीतानं पुण्यातल्या भाड्याच्या खोलीत रोज मोठ्यानं पेपर वाचला. एक बाई तिचे उच्चार तपासायला येत. मालिकांत दोन-चार वाक्यांची कामं मिळाली, मग दुसरा सिनेमा मिळाला, आणि त्यात आवाज तिचा होता. सुगंधाबाई पुन्हा चंद्रपूरला गेल्या. आवाज ओळखू आला. शब्द मात्र शाळा तपासायला आलेल्या साहेबांसारखे होते. अभिमान वाटला, नाही असं नाही. पण मग फोनवरचं बोलणंही तसंच होऊ लागलं. एका सकाळी पलीकडून आलं, "आई, जेवलीस का?"

आजवर ती माय म्हणत आली होती. सुगंधाबाई "जेवली" एवढंच म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी तांदूळ दोनदा निवडले.

तिसऱ्या सिनेमात रंजीताला तेंदूपत्ता तोडणाऱ्या बाईचं काम मिळालं. दिग्दर्शकाला बोली हवी होती ती अस्सल झाडीची, आणि नेमकी तीच आता तिच्या जिभेवर अडखळू लागली होती. तिनं फोन लावला. "माय, तू बोलत राह्य. काहीबी बोल. मी ऐकते."

वीस दिवस रोज दुपारी फोन आला. सुगंधाबाई बोलत राहिल्या: मोहाची फुलं यंदा लवकर पडली, शेळी गाभण आहे, गुणवंतराव औषध घेत नाहीत. एकदा बोलता बोलता निघून गेलं, "दिवाळीले काऊन नाई आली? मी रस्त्याकडे पाहून राह्यली होती." "पुढं बोल माय," एवढंच पलीकडून आलं. फोन मात्र दुसऱ्या दिवशीही आला. लेक गेल्यापासूनचे तेवढे वीस दिवस सुगंधाबाईंचे बरे गेले.

तो सिनेमा फार चालला. बक्षिसं मिळाली, चंद्रपूरच्या चौकात रंजीताचं घराएवढं पोस्टर लागलं. सुगंधाबाई आणि जैनब टॉकीजमध्ये बसल्या होत्या, तेव्हा पडद्यावर तेंदूपत्त्याचा भारा टाकून रंजीता म्हणाली, "दिवाळीले काऊन नाई आली? मी रस्त्याकडे पाहून राह्यली होती." आजूबाजूच्या बायांनी पदर डोळ्याला लावले. मागे टाळ्या पडल्या. सुगंधाबाई हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. त्यांनी हे लेकीला विचारलं होतं, एवढ्या लोकांना नाही.

मार्चमध्ये सावलीला सत्कार ठरला. रंजीता त्यासाठी आली आणि तिथून दुपारी घरी आली. हातपाय धुऊन, दोन घास खाऊन "पाच मिनिटं पडते माय" म्हणाली आणि बाजेवर झोपली. अंगणात माणसं जमली, पोरींनी फोन काढले. सुगंधाबाई दार ओढून उंबऱ्यावर बसल्या आणि येईल त्याला हळू आवाजात परत पाठवत राहिल्या. मधून मधून आत वळून पाहत होत्या. डोळ्यांखाली काळं झालं होतं पोरीच्या.

चार वाजता ड्रायव्हरनं हॉर्न दिला. रंजीता दचकून उठली.

"उठवलं काऊन नाई? आपुन बोललोच नाई."

"थकली होती तू. मी जवरच होती."

फोन तिसऱ्या दिवशी आला. शेळीला यंदा पुन्हा दोन पिल्लं झाली होती. एकाच्या कपाळावर पांढरा ठिपका आहे, एवढं सांगून होईतो पलीकडून कुणीतरी रंजीताला हाक मारली. "थांब माय, पुन्हा लावते," ती म्हणाली.

सुगंधाबाईंनी फोनचा आवाज होता तेवढा वाढवला, तो खिडकीत ठेवला आणि शेळीला पाणी दाखवायला परसात गेल्या.