दोन टिपा, तोंडी

चहा संपेपर्यंत कुणी हसायचं नाही, एवढं कबूल असेल तरच सांगते. आईला ते जमलं नव्हतं. पण त्या संध्याकाळी माझा घसा बसलेला, तिने कारण विचारलं, मग सांगावंच लागलं.

बाबांना मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही साताऱ्याहून बडोद्याला आलो. शाळा मराठी माध्यमाची मिळाली, पण मधल्या सुट्टीत सगळ्या मुली गुजरातीतच बोलायच्या. मी मुळात लाजरी, त्यात भाषा अर्धीच कळायची. तीन महिने मी कुणाशी बोललेच नाही. शेजारच्या बाकावरची फाल्गुनी मला 'मूंगी' म्हणायला लागली. मूंगी म्हणजे मुकी. एवढं गुजराती मला तिनेच शिकवलं.

एका शुक्रवारी आमच्या गुजराती विषयाच्या जयश्रीबेन वर्गात आल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "रविवारे तारे टीपां आपवानां छे. सरकारनो मोटो कार्यक्रम छे. आरोग्य खातामांथी साहेब आवशे."

आता मला सांगा, नागरिकशास्त्राच्या पेपरात 'टिपा लिहा' हा प्रश्न कधी चुकलाय? आपवानां म्हणजे द्यायच्या, हे ठाऊक होतं. मग टीपां म्हणजे दुसरं काय असणार? तरी खात्री करून घ्यावी म्हणून मी त्यांच्या मागोमाग व्हरांड्यात गेले.

"बेन, केटलां?"

"दरेकने बे. वधारे नहीं."

प्रत्येकी दोन. बरं. लिहून द्यायच्या का, हे मी हाताने हवेत लिहून विचारलं.

"हाथमां नहीं, मोढामां आपवानां," बेन म्हणाल्या. म्हणजे तोंडी.

"अने पांच वरस सुधी, याद राखजे."

पंचवार्षिक योजनेसकट. तेही बरं.

"ठंडां राखजे हं. गरम थाय तो नकामां."

डोकं थंड ठेव, तापलीस तर सगळं फुकट. किती समजूतदार बाई, असं वाटून मला भरूनच आलं. सगळ्या शाळेला मी मुकी नाही हे दाखवायची ही एकच संधी होती.

पोलिओ रविवार हा प्रकार तेव्हा नवा होता आणि आमचा टीव्ही बदलीच्या ट्रकमध्ये फुटला होता. एवढंच माझ्या बाजूने सांगण्यासारखं आहे.

दोन दिवस मी पाठ करत होते. टीप एक : राष्ट्रीय आरोग्यव्यवस्थेत शासनाची भूमिका. टीप दोन : आरोग्यसेवेत नेतृत्वाचे महत्त्व. बाबांना म्हणून दाखवल्या. ते पहिल्या टिपेतच झोपले, पण ते कारखान्यातून दमून आले होते.

रविवारी शाळेच्या पटांगणात मांडव होता. कडेवर मुलं घेतलेल्या बायकांची रांग फाटकाबाहेर गेलेली. टेबलाशी फाल्गुनी नावं लिहीत होती. एक नर्सबेन बर्फाच्या डब्याशी काहीतरी करत होत्या आणि मधोमध साहेब उभे होते.

जयश्रीबेन म्हणाल्या, "चाल, आप टीपां."

मी रांगेसमोर गेले, हात मागे बांधले आणि लाज वाटू नये म्हणून डोळे मिटले.

"टीप एक. शासन हे आरोग्यव्यवस्थेचे सारथी होय. धोरण आखणे, निधी पुरवणे व देखरेख करणे ही शासनाची त्रिविध कर्तव्ये आहेत."

"अरे, आ शुं करे छे?" बेन कुजबुजल्या.

"बोलवा दो, बेन," साहेब म्हणाले. त्यांना वाटलं, हे उद्‌घाटनाचं भाषण. सरकारी कार्यक्रमात भाषण मध्येच थांबवायची पद्धत नाही.

मग मी आवाज चढवला. 'विकेंद्रीकरण' या शब्दाला पहिलं पोर रडलं. 'उत्तरदायित्व'ला सात-आठ. 'आंतरविभागीय समन्वय' म्हणेपर्यंत अख्खी रांग भोकाड पसरून रडत होती. मी डोकं थंड ठेवलं आणि दुसऱ्या टिपेला हात घातला.

तेवढ्यात अगदी कानाशी नर्सबेनचा आवाज आला, "बे टीपां थई गयां. जाव, बीजाने लावो."

दोन झाल्या, दुसऱ्याला आणा? मी डोळे उघडले. नर्सबेन रांगेतून भराभर पुढे सरकत होत्या. रडणाऱ्या प्रत्येक उघड्या तोंडात त्या लहानशा बाटलीतून दोन थेंब टाकत होत्या. बरोब्बर दोन. मोढामां.

टीपां म्हणजे थेंब. मी गप्प झाले.

मी गप्प झाले तशी पोरंही गप्प झाली आणि सगळी तोंडं एकदम मिटली. एका बाळाने तर ओठ असे आवळले की नर्सबेनना बाटलीचं टोकही आत घालता येईना.

"अटकी केम?" नर्सबेन माझ्यावर खेकसल्या. "बोल ने."

"पण ते... ते चुकून..."

"भूल पछी. हमणां बोल." चूक नंतर, आत्ता बोल.

साहेबही हात मागे बांधून म्हणाले, "चालु राखो, बेन. बहु सरस."

काय करणार? सगळं कळलेलं असताना मी पुन्हा सुरुवात केली. शासन हे सारथी होय. दुपारपर्यंत टीप एक मी अकरा वेळा म्हटली. शासन सावलीत उभं राहून देखरेख करत होतं, नर्सबेन थेंब टाकत होत्या आणि मी पोरं रडवत होते. रांग संपल्यावर साहेबांनी जयश्रीबेनना विचारलं, ही मुलगी पुढच्या वेळी फतेगंजच्या केंद्रावर मिळेल का?

सोमवारी मी मान खाली घालून बसले होते. आता मला काय म्हणणार, याचाच विचार चालला होता. तर फाल्गुनी आपला डबा घेऊन माझ्याच बाकावर येऊन बसली. अर्धा थेपला माझ्यापुढे सरकवला.

"आजे सांजे मारे घरे आवीश?"

तीन महिन्यांत पहिल्यांदा मला कुणी घरी बोलावत होतं. मी इतक्या घाईने मान हलवली की वेणी पुढे आली.

"सरस," ती म्हणाली. "मारो नानो भाई दवा माटे मों ज नथी खोलतो."

मी गेले. धाकट्या भावाचं औषधासाठी तोंड उघडायला एकच टीप पुरली.